बोटांनी वाचायची मराठी



ठिपक्यांची रांगोळी आपणां सर्वांच्या हातातली आहे. आधी ठिपके मांडायचे, मग ते रेषांनी जोडायचे, की कमळ उमटते, मोर उमटतो. रांगोळीत ठिपका म्हणजे नुसता आधार. रेष आली की त्याचे काम संपले. परंतु जगात एक लिपी अशी आहे की तिच्यात रेष मुळी नाहीच. एकंदर सहा ठिपके, आणि त्यांतला कोणता उठलेला व कोणता नाही, एवढ्यावर सारी बाराखडी, सारे अंक, गणिताची चिन्हे आणि गाण्याचे सूरसुद्धा लिहिता येतात. ही लिपी डोळ्यांनी नव्हे, बोटांच्या टोकांनी वाचावयाची असते. तिला ब्रेल लिपी म्हणतात.

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत तिची हकीकत लिहावी असे मनात आले, त्याला कारण आहे. घोडनदीच्या बाजारात म्हणा की दौंडच्या गाडीत म्हणा, अंध मुलाचा विषय निघाला म्हणजे अलीकडे एक वाक्य हटकून ऐकू येते. "आता काय, मोबाइल सगळे वाचून दाखवतो. पोरीला लांबच्या शाळेत ठेवून ते ठिपके शिकवायचे कशाला?" बोलणारी माणसे वाईट मनाची नसतात. त्यांना पोरीचा लळा असतो, आणि वसतिगृहाची भीतीही असते. परंतु हा प्रश्न आजचा नाही. अंधांच्या शिक्षणात एखादे नवे साधन आले, की डोळस माणसांनी आपल्या सोयीने निकाल द्यायचा, आणि त्या निकालाची किंमत मुलांनी मोजायची, असे दोनशे वर्षांत वरचेवर घडले आहे. म्हणून ही गोष्ट मुळापासून सांगते.

पूर्वी आपल्याकडे काय किंवा परदेशात काय, अंध मुलाचे शिक्षण म्हणजे पाठांतर. ऐकावे, लक्षात ठेवावे, म्हणून दाखवावे. आपल्याकडे भजन-कीर्तनाच्या जोरावर कितीतरी अंध माणसे मानाने जगली, हे खरेच आहे. परंतु ज्याला गळा नाही, त्याने काय करावे? आणि गळा असला तरी आपल्या मनातली गोष्ट कागदावर उतरवून ठेवणे, आणि चार दिवसांनी आपणच ती पुन्हा वाचणे, हे सुख त्यांपैकी कोणालाच नव्हते. वाचून दाखवणारा कंटाळला की विद्या तिथेच थांबली.

फ्रान्समध्ये पॅरिस शहरी व्हॅलेंटिन हॉय नावाच्या गृहस्थाने १७८५ च्या सुमारास अंध मुलांची शाळा काढली. त्याने नेहमीचीच अक्षरे जाड कागदावर उठवून छापली, की मुलाने बोटाने चाचपून ओळखावीत. अंध मूल वाचू शकते, हे जगाला प्रथम त्याने दाखवून दिले; त्याचा मोठेपणा आहेच. परंतु ही अक्षरे डोळ्यांसाठी घडलेली. एकेका अक्षराभोवती बोट फिरवायचे, ते मनात जुळवायचे, तोवर मागचे अक्षर विसरायचे. पुस्तके उचलवत नसत इतकी जड. आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे त्या पद्धतीने मुलाला स्वतः लिहिता येत नव्हते.

त्याच शाळेत १८१९ साली लुई ब्रेल नावाचा दहा वर्षांचा मुलगा आला. त्याचा जन्म ४ जानेवारी १८०९ चा, कुप्व्रे नावाच्या खेड्यातला. वडील घोड्यांचे खोगीर आणि चामड्याचे साज बनवीत. तीन वर्षांचा असताना बापाच्या दुकानात खेळता खेळता त्याच्या डोळ्यात आरी घुसली. चांभाराच्या हातात असते तशी, चामड्याला भोक पाडायची. एका डोळ्याचे दुखणे दुसऱ्याला लागले, आणि काही काळात दोन्ही डोळे गेले. आपल्याकडेही सुई, कात्री, विळी यांच्याशी खेळणाऱ्या पोरांवर आपण ओरडतो ते उगीच नव्हे.

त्या सुमारास शार्ल बार्बिए नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने बारा ठिपक्यांची एक लेखनपद्धती काढली होती. ती शाळेत दाखवण्यात आली. मुलांना ठिपका रेषेपेक्षा फार लवकर कळतो, हे तेव्हा ध्यानात आले. परंतु बारा ठिपके एका बोटाखाली मावत नाहीत; बोट वरखाली करावे लागते. शिवाय ती पद्धत नुसत्या उच्चाराची होती, शुद्धलेखनाला तिच्यात जागा नव्हती. लुईने ती घेऊन वर्षानुवर्षे खटपट केली, आणि १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, बाराचे सहा केले. उभ्या दोन ओळी, प्रत्येकीत तीन ठिपके. बोट न हलवता सारे अक्षर एका स्पर्शात कळते. या सहांतून ६३ निरनिराळ्या खुणा निघतात. १८२९ साली त्याने ही पद्धत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली.

आता नीट पाहा, पुढे काय झाले. मुलांना ही लिपी इतकी आवडली की ती टिपणे काढू लागली, एकमेकांना पत्रे लिहू लागली. परंतु शिक्षकांना ती नको होती. कारण काय? ती डोळस माणसाला ओळखीची वाटेना! १८४० साली आलेल्या नव्या संचालकांनी तर शाळेत तिला बंदीच केली. मुले मात्र चोरून शिकत राहिली. अखेर १८४४ साली शाळेच्या नव्या इमारतीच्या समारंभात सर्वांसमक्ष या लिपीचे प्रयोग करून दाखवण्यात आले आणि विरोध मावळला. लुई ब्रेल ६ जानेवारी १८५२ रोजी क्षयाने वारला. फ्रान्समध्ये त्याच्या लिपीला अधिकृत मान्यता मिळाली ती १८५४ साली, म्हणजे तो गेल्यावर दोन वर्षांनी.

ही लिपी आपल्या देशात आली ती मुख्यतः मिशनरी बायकांच्या हातून. १८८७ साली ॲनी शार्प या बाईंनी अमृतसरला अंधांसाठी शाळा काढली; हिंदुस्थानातली ती पहिली समजली जाते. १९०३ मध्ये ती डेहराडूनजवळ राजपूरला गेली. १८८७ हेच साल आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी अमेरिकेत ॲन सलिव्हन ही तरुण शिक्षिका हेलन केलर या सहा वर्षांच्या मुलीच्या घरी शिकवायला आली. हेलनला दिसत नव्हते आणि ऐकूही येत नव्हते. बाईंनी तिच्या तळहातावर बोटांनी अक्षरे काढून तिला शब्द शिकवले, पुढे ब्रेल शिकवली, आणि ती मुलगी पदवीधर झाली, ग्रंथ लिहू लागली. १९५५ साली हेलन केलर हिंदुस्थानात येऊन गेल्या. त्या वेळी त्या पंचाहत्तरीच्या घरात होत्या. ज्या मुलाला कानही नाहीत, त्याला बोलणारे यंत्र काय देणार? त्याचा सारा ग्रंथसंग्रह बोटांच्या टोकावरच असतो. एवढा एक दाखलासुद्धा आपल्या प्रश्नाला अर्धे उत्तर देतो.

आपल्या महाराष्ट्रात १९०० साली, छप्पन्नाच्या दुष्काळाच्या दिवसांत, अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलांसाठी शाळा सुरू केली. हीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून ओळखली गेली. या मिशनचे एक ठाणे आपल्या घोडनदीतही होते, तेव्हा हे नाव इथल्या जुन्या माणसांना परके नाही. १९०२ साली मुंबईतच व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा निघाली. तिच्याशी डॉ. नीलकंठराय छत्रपती यांचे नाव जोडलेले आहे. ते स्वतः दृष्टी गमावलेले. त्यांनी आपल्या भाषांतील अक्षरांसाठी ठिपक्यांची एक मांडणी बसवली. पुण्यात १९३४ साली अंधशाळा सुरू झाली. आज तिची मुलांची शाळा कोरेगाव पार्कमध्ये आणि मुलींची कोथरूडला आहे. आळंदीलाही 'जागृती' ही अंध मुलींची शाळा आहे. शिरूर आणि दौंड या आपल्या दोन्ही तालुक्यांतून या शाळा एसटीच्या किंवा रेल्वेच्या वाटेवर आहेत, हे मुद्दाम सांगून ठेवते.

परंतु त्या वेळी एक मोठी अडचण होती. मुंबईची मांडणी निराळी, कलकत्त्याची निराळी, म्हैसूरची आणखी निराळी. एका प्रांतातले पुस्तक दुसऱ्या प्रांतातल्या अंध माणसाला वाचता येईना. पुस्तके आधीच थोडी, त्यांत ही वाटणी. स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न निकाली निघाला. युनेस्कोच्या पुढाकाराने विचारविनिमय झाला आणि १९५१ साली सर्व भारतीय भाषांसाठी एकच 'भारती ब्रेल' ठरली. त्याच वर्षी डेहराडूनला सरकारी ब्रेल छापखाना निघाला. पाठोपाठ १९५२ साली मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे ज्याला लोक 'नॅब' म्हणतात, ती संस्था स्थापन झाली.

भारती ब्रेलची रीत मोठी सुरेख आहे. जो उच्चार, त्याला तेच ठिपके, मग भाषा कोणतीही असो. मराठीतला क, गुजरातीतला क, बंगालीतला क, सारे एकच. इतकेच नव्हे, तर इंग्रजीतले के हे अक्षरही तेच. म्हणजे मराठी ब्रेल शिकलेल्या मुलीला हिंदीची लिपी वेगळी शिकावी लागत नाही आणि इंग्रजीची निम्मी वाट आधीच चाललेली असते. 'अ' म्हणजे वरच्या डाव्या कोपऱ्यातला एकच ठिपका. 'आ'ला तीन, 'ई'ला दोन. म्हणजे 'आई' हा शब्द पाच ठिपक्यांत लिहून होतो. वेलांटी आपण लिहिताना पहिली असली तर अक्षराच्या आधी काढतो. ब्रेलमध्ये मात्र आधी अक्षर आणि मग स्वर, जसे बोलतो तसे. जोडाक्षर असेल तर अर्ध्या अक्षराच्या आधी एक खूण येते, की पुढचे अक्षर पाय मोडलेले आहे. आपला मराठमोळा 'ळ' देखील विसरलेला नाही, त्यालाही स्वतःचे ठिपके आहेत.

लिहायचे साधन अगदी साधे. ब्रेल पाटी म्हणजे बिजागरीने जोडलेल्या दोन पट्ट्या. वरच्या पट्टीला लहान लहान खिडक्या, खालच्या पट्टीला प्रत्येक खिडकीखाली सहा खळगे. मध्ये जाड कागद धरायचा आणि लाकडी मुठीच्या टोचणीने दाबायचे. ठिपका कागदाच्या मागच्या बाजूला उठतो. म्हणून लिहायचे उजवीकडून डावीकडे आणि कागद उलटून वाचायचे डावीकडून उजवीकडे. आपण भरतकाम करताना उलट्या बाजूचा टाका मनात धरतो ना, तसेच ते. लहान मुलांचे हात काही आठवड्यांत त्याला सरावतात.

गणितासाठी टेलर फ्रेम नावाची पाटी असते. तिला आठ कोनांची भोके असतात आणि त्यांत खिळ्यासारखे ठोकळे बसवायचे. ठोकळ्याच्या एका टोकाला एक कड आणि दुसऱ्या टोकाला दोन टोके. ठोकळा आठ दिशांना फिरवता येतो, म्हणून दोन्ही बाजू मिळून सोळा खुणा होतात. त्यांत अंकही बसतात आणि बेरीज-वजाबाकीची चिन्हेही. हातचा कुठे घेतला, भागाकारात आकडा कुठे खाली उतरला, हे सारे मुलाला बोटांनी पाहता येते. ब्रेलचे टंकयंत्रही आहे. अमेरिकेतील पर्किन्स अंधशाळेत डेव्हिड अब्राहम यांनी ते तयार केले आणि १९५१ सालापासून ते मिळू लागले. त्याला सहा ठिपक्यांच्या सहा कळा. एका वेळी हव्या त्या दाबल्या की एक अक्षर उमटते, आणि सरळच उमटते, उलटे लिहावे लागत नाही.

ब्रेलची अडचण एकच, ती म्हणजे जागा आणि पैसा. कागद जाड लागतो, अक्षर मोठे असते. आपल्या एका पिशवीत मावणाऱ्या पुस्तकाचे ब्रेलमध्ये दोनतीन जाडजूड खंड होतात. म्हणून आवाजाच्या साधनांकडे लोक वळले, आणि ते योग्यच झाले. १९३० नंतरच्या दशकात अमेरिका-इंग्लंडमध्ये ग्रामोफोनच्या तबकड्यांवर 'बोलकी पुस्तके' निघाली. मग टेपा आल्या, कॅसेटी आल्या. आपल्याकडे नॅबने बोलक्या पुस्तकांचे मोठे काम केले. पुढे संगणक आला. २००६ साली मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या ऑस्ट्रेलियन तरुणाने पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा एनव्हीडीए नावाचा प्रोग्राम सुरू केला. तो फुकट मिळतो आणि मराठीही बोलतो. आता तर साध्या मोबाइलमध्ये ती सोय आहे. कॅमेऱ्यापुढे छापील कागद धरला की अक्षरे ओळखून तो वाचतो. अंध मुलगी स्वतः निरोप लिहिते, बँकेचा संदेश वाचते, गाडीची वेळ पाहते. हा केवढा मोठा उपकार आहे!

मग चुकते कुठे? माझ्या ओळखीच्या एका घरातली मुलगी आठवीपर्यंत साध्या शाळेत बसून नुसत्या कानांनी शिकली. बुद्धी अशी की एकदा ऐकलेला धडा विसरायची नाही. इतिहासातले सनसुद्धा घडाघडा सांगायची. एकदा मी तिला सहज विचारले, की 'विद्यार्थी' शब्दात रफार कोणत्या अक्षरावर येतो? ती गप्प झाली. रफार म्हणजे काय तेच तिला ठाऊक नव्हते. कसे असणार? तो शब्द तिने हजार वेळा ऐकला होता. परंतु एकदाही पाहिला नव्हता, ना डोळ्यांनी ना बोटांनी. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, हे कानाला सारखेच. ब्रेलमध्ये मात्र ऱ्हस्व इचे दोन ठिपके एका जागी आणि दीर्घ ईचे दोन दुसऱ्या जागी. बोटाला फरक तत्काळ कळतो. भागाकार, अपूर्णांक, तक्ता, भूमितीची आकृती या गोष्टी आवाज वाचून दाखवू लागला की डोळस मूलसुद्धा गोंधळेल.

आपणच विचार करावा. रेडिओ आला, दूरदर्शन आले, म्हणून आपण आपल्या डोळस मुलांना पाटी-पेन्सिल द्यायचे थांबवले काय? मोबाइल त्यांच्याही हातात आहे. तरी पहिलीत मूल अक्षर गिरवते की नाही, हे आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. मग अंध मुलीलाच नुसते ऐकण्यावर ठेवायचे हा न्याय कुठला? ऐकणे म्हणजे दुसऱ्याने दिलेले घेणे. लिहिणे-वाचणे म्हणजे आपले आपण करणे. पॅरिसच्या शिक्षकांनी आपल्या डोळ्यांनी लिपी जोखली आणि मुलांच्या हातातून ती काढून घेतली. आपण मोबाइलच्या भरवशावर तेच केले, तर दोन शतकांत शिकलो काय? आवाज हवा, आणि ठिपकेही हवेत. डावा हात आणि उजवा हात, असे ते आहे.

शाळा संपली म्हणजे वाचन संपते, असेही नाही. स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ रोजी 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले, आणि बोटांनी वाचणाऱ्या मराठी माणसाला पाठ्यपुस्तकापलीकडचे जग मिळाले. पुण्यात मीरा बडवे यांनी शाळा सोडल्यावर पुढे शिकू पाहणाऱ्या अंध मुलांसाठी आपल्या घरातूनच काम सुरू केले. त्यातून 'निवांत' ही संस्था उभी राहिली, आणि महाविद्यालयाची पुस्तके ब्रेलमध्ये आणण्याचे काम तिथे होऊ लागले. घर हीच शाळा, आणि घरातली बाई हीच पहिली मास्तरीण!

कायदाही आता पाठीशी आहे. २०१२ साली ग्रंथहक्काच्या कायद्यात दुरुस्ती झाली, आणि अपंगांसाठी पुस्तक ब्रेलमध्ये उतरवायला किंवा आवाजात आणायला मुभा मिळाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत विनामूल्य शिक्षण दिले आहे, आणि पुस्तके व शिकण्याची योग्य साधनेही १८ वर्षांपर्यंत विनामूल्य मिळावीत असे म्हटले आहे. मूल जवळच्या शाळेत घालायचे की विशेष शाळेत, हे निवडण्याचा हक्कही त्याला आहे. परंतु कायदा पुस्तकात असतो आणि मूल घरात असते. दोघांची गाठ घालायला कोणीतरी उठून जावे लागते. त्यासाठी आधी सरकारी रुग्णालयातून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढावे. ते नसले की पुढचे दार उघडत नाही. मग तालुक्याच्या गट साधन केंद्रात जाऊन विशेष शिक्षकांची चौकशी करावी. मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत असले तरी ब्रेल पुस्तक, मोठ्या टाइपाचे पुस्तक आणि साधने मागता येतात.

मोठ्या टाइपाचे मुद्दाम लिहिले, कारण ज्यांना आपण आंधळे म्हणतो त्यांतल्या पुष्कळ मुलांना थोडेफार दिसत असते. त्यांना ठळक मोठे अक्षर, जाड काळे पेन, तिरपी फळी आणि खिडकीजवळची जागा एवढ्यानेही वाचता येते. म्हणून पहिल्याने डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे; आपण घरी बसून निकाल देऊ नये.

आता आपण काय करू शकतो, ते सांगून आटोपते. मी स्वतः सातवीपर्यंत शिकलेली. मंडळातल्या बऱ्याच जणींचे शिक्षण तेवढेच आहे, आणि त्यामुळे आपण अशा कामांत मागे राहतो. परंतु पाचवीच्या मुलीला पाचवीचा धडा वाचून दाखवायला सातवी पुरून उरते. दुपारी जेवणे आटोपल्यावर मोबाइलवर एक धडा नोंदवून ठेवणे काही अवघड नाही. फक्त काही गोष्टी पाळाव्यात. कुकरची शिटी आणि पंख्याचा आवाज नसेल अशी वेळ धरावी. आधी पुस्तकाचे नाव, धड्याचे नाव आणि पान क्रमांक सांगावा. भरभर वाचू नये, आणि कीर्तनातल्यासारखा सूरही लावू नये. कठीण शब्द आला की त्याची अक्षरे फोडून सांगावीत, त्यातली वेलांटी पहिली की दुसरी तेही. चित्र असेल तर ते सोडून पुढे न जाता चित्रात काय आहे ते दोन वाक्यांत सांगावे.

दुसरे काम लेखनिकाचे. अंध मुलाला परीक्षेत उत्तरे सांगायची असतात आणि लिहून घ्यायला दुसरा विद्यार्थी लागतो. तो खालच्या इयत्तेतला असावा लागतो. परीक्षा तोंडावर आल्यावर लेखनिक मिळेना म्हणून घरच्यांची फार धावपळ होते. तेव्हा आपल्याच घरातल्या आठवी-नववीच्या मुलामुलींना आपण आधीपासून तयार करावे. त्यांचे अक्षर सुधारेल, आणि दुसऱ्याचे उत्तर आपले न मिसळता जसेच्या तसे लिहिण्याचा प्रामाणिकपणाही अंगी येईल.

तिसरे काम सर्वांत सोपे, आणि माझ्या मते सर्वांत मोठे. हळदीकुंकवाला, बारशाला, लग्नाला आपण घरोघरी जातो. ज्या घरात असे मूल मागच्या खोलीत बसवलेले असते, ते सरकारी माणसाला दिसत नाही, आपल्याला दिसते. त्या माउलीशी एकटीने बोलावे. "तुझी मुलगी शिकू शकते, चल, मी तुझ्याबरोबर येते," एवढेच म्हणावे. शिरूर काय किंवा दौंड काय, पुणे ७० किलोमीटरच्या आसपास आहे. परंतु एकट्या आईला ते अंतर सातशेचे वाटते. बरोबर दुसरी बाई असली की ते निम्मे होते. वसतिगृह स्वतः पाहून यावे, मुलींची व्यवस्था विचारावी, तिथल्या बाईंशी बोलावे, आणि मन निश्चिंत झाले तरच मुलीला ठेवावे. न पाहता पाठवू नये, तसे न पाहता नाहीही म्हणू नये.

आपल्या मंडळाने शिवणाचे वर्ग चालवले, बचतीची सवय लावली, पुस्तके फिरवली. यंदाच्या वर्षी त्यात या एका कामाची भर पडावी अशी माझी सर्व भगिनींना विनंती आहे. एक ब्रेल पाटी आणि एक टोचणी मंडळाच्या कपाटात असावी. ती महाग नसते. आपणही ती हाताळावी, आपले नाव लिहून पाहावे. आणि आपल्या दोन तालुक्यांतल्या एका जरी मुलीने पुढच्या वर्षी या स्मरणिकेसाठी ठिपक्यांत लिहिलेला मजकूर आपल्या हाताने पाठवला, तर आपण तो आनंदाने मराठीत उतरवून छापू.